एंटर मारल्यावर काय व्हावं: एका एडिटरमधल्या एका कळीचं प्रकरण

हे प्रकरण सुरू झालं एका छापील कागदावरून. यंत्राच्या देखभालीची कार्यपद्धती त्यावर पायरी-पायरीने लिहिलेली होती. चौथ्या पायरीखाली एक सूचना होती, झडप पूर्ण बंद असल्याची खात्री करा म्हणून. त्या सूचनेनंतरच्या पायरीला ५ हा क्रमांक हवा होता. कागदावर १ होता. आणि शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं, "दाब उतरला नसेल तर पायरी ७ पुन्हा करा." पायरी ७ त्या कागदावर कुठेच नव्हती. वाचणारा माणूस अनुभवी होता, त्याने काम थांबवलं आणि फोन करून विचारलं. नवखा असता तर त्याने स्वतःच अंदाज बांधला असता, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तो मजकूर ज्या एडिटरमध्ये लिहिला गेला, तो आमच्या छोट्या टीमने बनवला होता. ब्राउझरमध्ये चालणारा, कार्यपद्धती आणि सूचनापत्रं लिहिण्यापुरता. चूक कागदावर दिसली म्हणून पहिल्या दिवशी आम्ही छपाईचा भाग उकलत बसलो. तिथे खोट होती, पण ती साखळीतली शेवटची कडी होती. साखळी सुरू होत होती एंटरपासून.

शेजारी बसून पाहिलेलं

ज्या बाईंनी ती कार्यपद्धती लिहिली होती त्यांना मी म्हटलं, तुम्ही नेहमीसारखं लिहा, मी फक्त बघतो. त्यांनी चौथी पायरी लिहिली, एंटर मारला, ५ आला. त्यांना सूचना लिहायची होती, म्हणून बॅकस्पेस मारून त्यांनी क्रमांक घालवला. इथेच आमच्या एडिटरने यादीचे दोन तुकडे केले: चार पायऱ्यांची एक यादी, मग यादीबाहेरचा साधा परिच्छेद. सूचना लिहून झाल्यावर त्यांनी क्रमांकाचं बटण दाबलं, तर नवी यादी १ पासून सुरू झाली. त्यांनी ते पाहिलं, मेनूतून "क्रमांक पुढे चालू ठेवा" निवडलं, पडद्यावर ५ दिसला, त्या पुढे गेल्या. तो ५ मात्र फक्त पडद्यापुरता रंगवलेला होता. मजकुराच्या रचनेत दोन वेगळ्या याद्याच होत्या, आणि छपाईने रचना वाचली.

"तुमचा एंटर माझं ऐकत नाही," त्या म्हणाल्या. "मला पुढची ओळ हवी असते, तो पुढची पायरी देतो."

मी ते वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. ओळ आणि पायरी. त्यांच्या बोटाला एक अपेक्षित होतं, आमच्या कोडने दुसरं केलं होतं, आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. त्यांच्या हातून एकही कृती चुकीची झालेली नव्हती.

एका कळीवर तीन कामं

टाइपरायटरला दांडा असे. तो ओढला की दोन गोष्टी एकत्र होत: कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा भाग, मागे जाई आणि कागद एक ओळ वर सरके. १९६१ मध्ये आलेल्या सेलेक्ट्रिक टाइपरायटरमध्ये कॅरेज जागची हलतच नव्हती, अक्षरांचा गोळा सरकत जायचा, तरी कळीचं नाव रिटर्नच राहिलं. टेलिटाइपवर, म्हणजे तारेने आलेला मजकूर छापणाऱ्या यंत्रावर, या दोन हालचालींचे दोन वेगळे संकेत होते, अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की या तक्त्यातले १३ आणि १०. त्यातलं मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरं छापायचं, पण कॅरेजला मागे पोचायला एका अक्षराच्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागायचा. म्हणून मागे जाण्याचा संकेत आधी आणि कागद सरकवण्याचा नंतर, म्हणजे तेवढ्यात कॅरेज पोचलेलं असे. पुढे युनिक्सने फक्त १० ठेवला, जुन्या मॅकने फक्त १३, डॉस आणि विंडोजने दोन्ही. ती फारकत इतकी टिकली की नुसता १० वापरणारी फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये नीट दिसायला २०१८ साल उजाडलं.

हे सगळं मी टीमसमोर मांडलं ते एका कारणासाठी. टाइपरायटरवर परिच्छेद नावाची वस्तूच नव्हती. होत्या त्या ओळी, आणि दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेवरून वाचणारा परिच्छेद ओळखायचा. ओळ संपली की दांडा ओढावाच लागे. संगणकावर मजकूर कडेला पोचला की आपसूक खाली वळतो, म्हणून ओळ संपवण्यासाठी एंटरची गरजच उरली नाही. कळ मोकळी झाली आणि तिच्यावर नवा अर्थ बसला: हा घटक संपला, पुढचा सुरू कर. घटक म्हणजे परिच्छेद, यादीतली पायरी, तक्त्यातला रकाना, जे असेल ते. हातात मात्र जुना अर्थ शाबूत राहिला, "खाली जा". त्या बाई म्हणत होत्या ते हेच.

तिसरा अर्थ वेगळ्या वाटेने आला. १९७१ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम ३२७० या टर्मिनलवर, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडलेल्या पडदा-कीबोर्डवर, एंटर ही कळ भरलेला पडदा मोठ्या संगणकाकडे पाठवण्यासाठी होती. पुढच्या ओळीतल्या रकान्यात जायला नवी ओळ नावाची दुसरी कळ होती. पाठवणं आणि खाली जाणं यांना दोन वेगळ्या जागा होत्या, बोट चुकून एका कामाऐवजी दुसरं करेल अशी शक्यता कमी होती. आजच्या कीबोर्डवर या सगळ्या अर्थांचा भार एकाच कळीने उचललेला आहे. मला विचाराल तर ती विभागणी आपण हरवायला नको होती.

आमच्या एडिटरमध्ये तिन्ही अर्थ एकाच पडद्यावर नांदत होते. मजकुरात एंटर घटक संपवत होता, शिफ्ट-एंटर ओळ मोडत होता, आणि बाजूच्या टिप्पणीच्या चौकटीत तोच एंटर टिप्पणी पाठवून मोकळा होत होता.

दोन उपाय जे टिकले नाहीत

पहिला उपाय आम्ही सगळ्यात स्वस्त म्हणून निवडला: लोकांना शिकवायचं. सूचना हवी तर शिफ्ट-एंटर मारा, त्याच पायरीत खालची ओळ मिळेल. हे तांत्रिकदृष्ट्या खरं होतं. पण शिफ्ट-एंटरने ओळ मोडते, परिच्छेद तोच राहतो. म्हणजे "झडप बंद असल्याची खात्री करा" हा इशारा पायरीच्या वाक्याचं शेपूट झाला. त्याला इशाऱ्याची चौकट देता येईना, रंग देता येईना, कारण स्वतंत्र परिच्छेद म्हणून तो अस्तित्वातच नव्हता. दोन्ही कडा सरळ केलेल्या मजकुरात मोडलेली ओळ ताणली गेली, दोन शब्दांमध्ये खिंडारं पडली. आणि ज्या गोष्टीची चूक जीवावर बेतू शकते ती लिहिण्यासाठी एक गुप्त जोडकळ आठवावी लागणं, हेच मुळात मला पटत नव्हतं.

दुसरा उपाय माझाच होता, आणि तो जास्त वाईट होता. एडिटरने ओळखावं, असं मी सुचवलं. नवी पायरी "सूचना", "टीप" किंवा "इशारा" या शब्दाने सुरू झाली तर क्रमांक आपोआप काढायचा. टीमला दाखवताना ते फार छान चाललं. मग कुणीतरी एक खरी पायरी लिहिली: "सूचना फलक काढून बाजूला ठेवा." क्रमांक गायब. ती पायरी होती, सूचना नव्हती.

त्या एका ओळीने माझं मत कायमचं बदललं. एंटरचा अर्थ लिहिलेल्या शब्दांवरून काढायचा नाही. शब्द कुठल्याही दिशेने जाऊ शकतात, आणि लिहिणाऱ्याला आधी कळू शकत नाही की एडिटर कोणत्या शब्दाला दचकणार आहे. अर्थ काढायचा तो फक्त कर्सर कुठे उभा आहे यावरून, कारण तेवढं लिहिणाऱ्याला डोळ्यांसमोर दिसत असतं.

रिकाम्या ओळीवरचा एंटर

यानंतर आम्ही कोड बाजूला ठेवून जागा लिहून काढल्या. परिच्छेदाच्या मध्ये, शेवटी, सुरुवातीला. पायरीच्या शेवटी. रिकाम्या पायरीवर. शीर्षकाच्या तिन्ही ठिकाणी. मजकूर निवडलेला असताना. चित्र निवडलेलं असताना. प्रत्येक जागेसमोर एकच उत्तर लिहायचं, "कधी कधी" हा शब्द वापरायचा नाही.

एडिटर बनवण्यासाठीच्या प्रोझमिरर या मुक्त स्रोत संचात हे काम फार नेटकं मांडलेलं आहे. तिथे एंटर ही एक आज्ञा नसून चार आज्ञांची रांग आहे. कर्सर कोडच्या चौकटीत असेल तर फक्त नवी ओळ. एखादी अखंड वस्तू निवडलेली असेल तर तिच्याशेजारी परिच्छेद. रिकामा घटक कशाच्या तरी आत असेल तर त्याला एक थर बाहेर काढणं. यातलं काहीच नसेल तर घटक दुभंगणं. पहिली जी लागू पडेल ती चालते आणि रांग थांबते. तिसरी आज्ञा मला सगळ्यात शहाणी वाटते. रिकाम्या ओळीवर पुन्हा एंटर मारणारा माणूस आणखी एक रिकामी ओळ मागत नसतो, तो म्हणत असतो, इथलं माझं झालं.

आम्ही तीच कल्पना पायऱ्यांसाठी वाढवली. पायरीच्या शेवटी एंटर, तर पुढची पायरी. नव्या रिकाम्या पायरीवर बॅकस्पेस, तर क्रमांक जातो पण ओळ त्याच पायरीच्या पोटात राहते. ही झाली सूचनेची जागा, स्वतंत्र परिच्छेद, यादी अखंड. सूचनेच्या शेवटी एंटर, तर सूचनेचाच पुढचा परिच्छेद. तो रिकामा असताना पुन्हा एंटर, तर पुढची पायरी, क्रमांक ५. ती पायरीही रिकामी ठेवून एंटर, तर यादीबाहेर. रिकामा एंटर म्हणजे दर वेळी एक थर बाहेर.

सूचनेनंतरच्या एंटरवर टीममध्ये बराच वाद झाला. एका सहकाऱ्याचं म्हणणं असं की सूचना बहुधा एकाच परिच्छेदाची असते, तर एंटरने थेट पायरी ५ द्यावी. बहुतेक वेळा तो बरोबर ठरला असता. पण मग दोन परिच्छेदांची सूचना लिहिणाऱ्याला प्रत्येक वेळी एंटर आणि बॅकस्पेस अशी झटापट करावी लागली असती, आणि नियमही वाकला असता: साध्या परिच्छेदात एंटर तशाच प्रकारचा घटक देतो, इथे वेगळा. आम्ही एक जास्तीचा एंटर पत्करला. त्या बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दोनदा मारायचं ना, मग मारीन. फक्त रोज तसंच चालू दे."

बॅकस्पेसबाबत हरलो तो मी. माझा आग्रह होता की एंटरनंतर लगेच मारलेल्या बॅकस्पेसने सगळं जसंच्या तसं व्हावं: पायरी ४ च्या शेवटी एंटर, ५ आला, बॅकस्पेस, कर्सर परत ४ च्या शेवटी. नियम म्हणून ते देखणं आहे आणि चाचणीही सोपी. पण आम्ही ज्यांना ज्यांना पाहिलं त्यांचा हात बॅकस्पेसने क्रमांक घालवायला शिकलेला होता, कारण बऱ्याच शब्दसंपादकांत तसंच होतं. शेवटी ठरलं ते असं: पहिला बॅकस्पेस क्रमांक काढतो, दुसरा वरच्या ओळीला जोडतो. येताना एक पाऊल, जाताना दोन. एक अट मात्र मी सोडली नाही. या ये-जामध्ये आजूबाजूच्या कुठल्याही घटकाला धक्का लागता कामा नये. खालच्या पायऱ्यांचे क्रमांक, त्यांचं स्वरूप, त्यांच्याकडे येणारे दुवे, काहीही हलायचं नाही. आणि अनडू एकाच दाबात अचूक मागे नेईल; एंटरबरोबर त्याआधी लिहिलेलं अख्खं वाक्य गिळणार नाही.

दुवा कोणाकडे राहतो

"पायरी ७" चं कोडं मात्र यादी तुटण्याने पूर्ण सुटत नव्हतं. मूळ फाइल उघडली तर तो ७ हाताने लिहिलेला नव्हताच. तो दुवा होता. ज्या पायरीकडे दाखवेल तिचा पडद्यावरचा क्रमांक आपोआप घ्यायचा. छापील कागदावर ती पायरी दुसऱ्या यादीत गेली होती आणि तिचा क्रमांक ३ झाला होता, एवढं समजलं. पण दुवा ज्या पायरीकडे बोट दाखवत होता, ती दाब उतरवण्याची पायरीच नव्हती! ती होती "मोजमापाची नोंद करा". पडद्यावर सगळं ठीक दिसत असतानाही तो दुवा चुकीचाच होता.

आम्ही बाईंना पुन्हा विचारलं, ही नोंदीची पायरी कधी घातली? नंतर, त्या म्हणाल्या. कशी? दाखवलं त्यांनी: दाब उतरवण्याच्या पायरीच्या अगदी सुरुवातीला कर्सर ठेवला, एंटर मारला, वर तयार झालेल्या रिकाम्या पायरीत जाऊन नवी ओळ लिहिली. कुणीही असंच करेल.

आमच्या कोडमध्ये प्रत्येक घटकाला एक न दिसणारी ओळखखूण होती आणि दुवे त्या खुणेला बांधलेले होते. एंटरने घटक दुभंगला की वरचा तुकडा जुनी खूण ठेवायचा आणि खालच्याला नवी मिळायची. शेवटी किंवा मध्ये एंटर मारला तर हे बरोबर. सुरुवातीला मारला तर वरचा तुकडा रिकामा असतो, सगळा मजकूर खाली जातो, आणि खूण मात्र रिकाम्या ओळीपाशी मागे राहते. त्या ओळीत जे काही नवं लिहिलं जाईल त्याला जुन्या पायरीची ओळख मिळते. कुठेही लाल रेघ नाही, इशारा नाही. क्रमांक तुटला तर डोळ्याला खटकतं; हे खटकतही नाही. या साऱ्या प्रकरणात मला सगळ्यात भीतिदायक वाटलेली गोष्ट हीच.

दुरुस्ती मोजक्या ओळींची होती: कर्सर घटकाच्या सुरुवातीला असेल तर दुभंगायचं नाही, वर एक नवा रिकामा घटक घालायचा, मूळ घटक, त्याची खूण, त्याचं स्वरूप सगळं मजकुराबरोबर. शीर्षकांनाही तोच न्याय. शीर्षकाच्या सुरुवातीला एंटर, तर वर साधा रिकामा परिच्छेद, शीर्षक शीर्षकच राहतं. शेवटी एंटर, तर खाली साधा परिच्छेद, कारण दोन शीर्षकं लागोपाठ क्वचितच लिहिली जातात. शीर्षकाच्या मध्ये एंटर मारला तर खालचा तुकडा शीर्षक की परिच्छेद, यावर आमचं आजही एकमत नाही. सध्या दोन्ही तुकडे शीर्षक राहतात. मला ते योग्य वाटतं, कारण कुणाचं शीर्षक न विचारता साधं करून टाकणं म्हणजे मजकुराचं स्वरूप काढून घेणं आहे.

शब्द जुळत असताना

याद्या तुटलेल्या दिसत होत्या त्या सगळ्याच सूचनांपाशी नव्हत्या. काही ठिकाणी पायरीच्या मधोमध, एखाद्या शब्दानंतर यादी मोडलेली होती. याचं उत्तरही शेजारी बसूनच मिळालं. बरेच जण उच्चाराप्रमाणे टाइप करतात: रोमन अक्षरं दाबायची, खाली रेघ असलेला शब्द जुळत जातो, पर्याय दिसतात, आणि हवा तो पर्याय एंटर मारून घ्यायचा. "झडप" जुळला, एंटर मारला. शब्द पक्का झाला आणि आमच्या एडिटरने त्याच एंटरवर नवी पायरीही सुरू केली. मग बॅकस्पेस, आणि जुन्या कोडमध्ये बॅकस्पेस म्हणजे यादीचे तुकडे.

जपानी लिहिणाऱ्यांना हा त्रास फार जुना आहे. तिथे काना या उच्चारलिपीत लिहिलेल्या शब्दाचं कांजी या चिन्हलिपीत रूपांतर पक्कं करायला एंटरच मारतात. त्यामुळे ब्राउझरमध्ये यावर सोय आहे. कळ दाबल्याची खबर येते तेव्हा "शब्द अजून जुळतो आहे" अशी खूण तिच्याबरोबर येते आणि कळीचा क्रमांक १३ ऐवजी २२९ येतो. आम्ही खूण पाहून एंटर सोडून द्यायला लागलो, आणि सफारी या ब्राउझरमध्ये अडचण तशीच राहिली. तिथे शब्द पक्का झाल्याची खबर आधी यायची, कळीची नंतर, म्हणून खूण तोवर पुसलेली असायची. २२९ मात्र तिथेही यायचा. दोन्ही तपासल्यावर ते थांबलं. मोबाइलच्या कीबोर्डवर तर २२९ अनेकदा कुठल्याही कळीला येतो, तेव्हा तिथे कळीकडे पाहणंच सोडलं आणि ब्राउझर मजकूर बदलण्याआधी "नवा परिच्छेद" किंवा "ओळ मोड" असा जो हेतू कळवतो, त्यावर विसंबलो. आधीपासून हेतूवरच बांधायला हवं होतं.

एडिटरची स्वतःची सुचवणीही याच जातीची. यंत्राच्या भागांची नावं पूर्ण करून देणारी यादी आपोआप उघडायची आणि पहिलं नाव निवडलेलं असायचं. वाक्य संपवून एंटर मारावा तर भलतंच नाव मजकुरात. आता बाणाने स्वतः निवडलं असेल तरच एंटर ते नाव घेतो, नाहीतर एंटर हा एंटरच. चिकटवलेल्या मजकुरातली नवी ओळ म्हणजे एंटर नव्हे, हेही तेव्हाच पक्कं केलं. बाहेरून आलेल्या दहा ओळींवर दहा वेळा एंटरची हुशारी चालवली की मजकूर जिन्यासारखा उजवीकडे सरकत जातो, हे विम हा जुना एडिटर वापरणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

बाजूची चौकट

टिप्पणीच्या चौकटीत एंटर मारला की टिप्पणी जायची. मजकुरात एंटर म्हणजे परिच्छेद, आणि चार बोटं उजवीकडे सरकलं की तोच एंटर म्हणजे रवानगी. अर्धवट वाक्यं पुढच्या माणसाकडे पोचत होती. "ही पायरी काढू" एवढंच गेलं आणि "नका" मागे राहिलं, असं खरोखर घडलं.

गप्पांच्या ॲपमध्ये एंटरने निरोप जाणं मला मान्य आहे. तिथे वाक्यं छोटी असतात आणि वेग हवा असतो. पण ज्या चौकटीत एकापेक्षा जास्त ओळी मावतात आणि जिच्या शेजारी माणूस दिवसभर परिच्छेद लिहितो आहे, तिथे एंटरने ओळच द्यावी असं मी टीममध्ये जोर लावून मांडलं. नको असलेली ओळ एका बॅकस्पेसने जाते. गेलेली टिप्पणी समोरच्याने वाचलेली असते. दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही, तर पारडं कुठे झुकवायचं हे उघड आहे. आता पाठवायला बटण आहे, कंट्रोल-एंटर आहे, मॅकवर कमांड-एंटर आहे, आणि ती जोडकळ बटणावरच लिहिलेली आहे. एका ओळीच्या शोधाच्या चौकटीत एंटरने शोध चालतो, कारण तिथे दुसऱ्या ओळीला जागाच नाही. आणि मोबाइलवर त्या वेळी कळीवरची अक्षरंही बदलून "शोधा" अशी येतात.

आज कुठे आहोत

नवा एंटर लागू झाल्यावर काही जुन्या लोकांना पहिले दिवस अडखळायला झालं, विशेषतः सूचनेनंतर दोनदा एंटर मारताना. आम्ही बदल हळूहळू न सोडता एकदमच सोडला, कारण आज एक आणि उद्या दुसरं असं वागणारी कळ हाताला शिकताच येत नाही.

तुटलेल्या याद्या जोडणं यंत्राकडून करून घेता आलं. चुकीचे दुवे नाही. रचनेत ते निर्दोष दिसतात. दुवा एका खऱ्या पायरीकडे जातो, ती पायरी अस्तित्वात असते. ती हवी होती तीच पायरी आहे का, हे फक्त लिहिणाऱ्यालाच सांगता येतं. म्हणून जिथे जिथे दुवा होता ती प्रत्येक कार्यपद्धती काढून, जिने लिहिली तिच्याबरोबर किंवा ज्याने लिहिली त्याच्याबरोबर बसून आम्ही ओळ न ओळ वाचली. पहिली घेतली ती त्याच बाईंची. शेवटच्या परिच्छेदात आता "पायरी ८ पुन्हा करा" असं येतं, आणि आठव्या पायरीवर दाब उतरवण्याचीच कृती आहे. त्यांनी ती छापून घेतली, बोट ठेवून आठपर्यंत मोजली, आणि मगच जुना कागद फाडला.